पाणी कुठवर आलं?

तिसरी घंटा व्हायच्या आधी सर पडद्याच्या फटीला डोळा लावायचे. थोडा वेळ प्रेक्षकांकडे बघायचे, मग आमच्याकडे वळून निकाल सांगायचे, "आज कोरडे आहेत. सावकाश घ्या." किंवा, "आज ओले आहेत. तुम्ही पळू नका, ते पळवतील तुम्हाला." एवढं सांगून खाली उतरायचे आणि ऑर्गनवर जाऊन बसायचे. त्यांचा ऑर्गन रंगमंचाखाली, एका कडेला. बसायचे प्रेक्षकांकडे तोंड करून. नाटकभर आमच्याकडे ढुंकूनसुद्धा बघायचे नाहीत.

एकदा मी विचारलं, "सर, आमच्याकडे कधी बघणार?"

"तुमच्याकडे काय बघायचं? तुम्ही काय करणार ते मीच बसवलंय. ही माणसं काय करतील ते कुठं माहीत आहे?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आयुष्यभर एकच गोष्ट करतात, ती नीट करतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी कधी माफ करत नाही. सर शाळेत संगीत शिकवायचे आणि पंचवटीत राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं, चालीही स्वतःच लावल्या. मी तेव्हा बँकेत होते आणि संध्याकाळी त्यांच्या कोरसमध्ये. उशीर झाला की सर घड्याळाकडे न बघता म्हणायचे, "बँकेत बरं वेळेवर जाता. तिथे पगार मिळतो, इथे नुसता मी मिळतो." चिडले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. चहा आला की उतरायच्या.

नाटकाची गोष्ट साधी होती. गोदाकाठी भाजी विकणारी एक बाई पूर येतोय तरी आपलं दुकान हलवायला तयार नाही. सगळे तिला समजावतात, ती सगळ्यांना उडवून लावते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. पूर आला की नाशिककर पाणी तिच्यावरून मोजतात. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. धरणातून किती पाणी सोडलं ते टीव्हीवाले सांगत बसतात. आम्ही फोन करून एकमेकांना मारुतीचं विचारतो.

नाटकात यावर एक गाणं होतं. कोरस विचारायचा, पाणी कुठवर आलं? आणि भाजीवाली गाण्यातच उत्तर द्यायची. निदान सरांनी बसवलं होतं ते असं. पहिल्या प्रयोगाला त्यांनी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांना बोलावून पुढच्या रांगेत बसवलं. आमचा निर्माता कुरकुरला. त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता, पुढच्या रांगेत कोण बसवायचं याचे त्याचे हिशेब वेगळे होते. आम्ही पहिल्यांदा विचारलं, "पाणी कुठवर आलं?" आणि आमची नटी तोंड उघडणार तोच पुढून एक आजी ओरडल्या, "आरं गुडघ्याला आलं, गुडघ्याला! दिसत नाय का तुम्हाला?"

हॉल फुटला हसून. दुसरं कोणी असतं तर गाणं पुढे रेटलं असतं. सरांनी एक सूर धरून ठेवला आणि हाताने आम्हाला खूण केली, परत विचारा. आम्ही विचारलं. या वेळी अर्धा हॉल ओरडला, "कमरेला!" मग सगळा हॉल, "छातीला!" लोक एकमेकांना टाळ्या देत होते. सर सूर लांबवत होते, आम्ही पुन्हा विचारलं, आणि त्याच हसऱ्या आवाजात लोक म्हणाले, "गळ्याला!"

म्हणाले, आणि गप्प झाले. कारण गळ्याला म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. त्यांच्याच तोंडून ते निघालं होतं. त्या शांततेत आमची नटी एकटी, हलक्या आवाजात पुढचं कडवं गायली. मी कोरसमध्ये उभी राहून रडले. मी सहजी रडणारी बाई नाही.

त्या दिवसापासून गाण्यात उत्तराची जागा मोकळी राहिली. ती लोकांची. किती वेळ लागेल, किती मोठ्याने येईल, हसत येईल की दबकत, ते रोज वेगळं असायचं. सर त्यांच्या तोंडाकडे बघत सूर धरायचे आणि आमचे ढोलकीवाले सलीमभाई ढोलकीवर नुसती बोटं फिरवत सरांकडे बघायचे. घोटीला, सिन्नरला, देवळाली कॅम्पला प्रयोग झाले, सगळीकडे हेच. नाशिकला तर लोक उत्तर द्यायलाच यायचे.

पण नाशिक जिल्ह्याबाहेर कोणी बोलावेना. मुंबईच्या एका निर्मात्याने नाटक पाहिलं, मध्यंतरात वडा खाल्ला आणि सांगितलं, "छान आहे हो, पण फार नाशिकचं आहे." सरांना हे फार लागलं. पुढे कशालाही ते हे चिकटवायचे. चहात साखर जास्त झाली, "फार नाशिकचा आहे." रिक्षावाल्याने मीटर टाकला नाही, "फार नाशिकचा." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. एकदा, फक्त एकदा, हे नाटक परक्या गावी उभं राहिलेलं त्यांना बघायचं होतं. बाकी त्या माणसाने कोणाकडे काही मागितलं नाही.

म्हणून इंग्लंडहून बोलावणं आलं तेव्हा मी घाबरले होते. लंडनजवळच्या एका गावातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी सुट्टीत इकडे आले आणि नाटकाला बसले. मूळचे देवळालीचे. "कमरेला" असं इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई दचकली. नाटक संपल्यावर सरांच्या पाया पडले. "सर, हे तिकडे गेलंच पाहिजे. माझी जबाबदारी."

जबाबदारी फोनवरून हप्त्याहप्त्याने कळत गेली. आधी माणसं कमी करा. बरं. मग वेळ कमी करा, तिथे हॉल वेळेवर रिकामा करावा लागतो. बरं. पडद्यावर इंग्रजीत भाषांतर दाखवू, मुलांना मराठी येत नाही. बरं. शेवटी वादक. इतक्यांची तिकिटं, व्हिसा, वाद्यांचं वजन. संगीत रेकॉर्ड करून आणा, ट्रॅकवर गा. जे सर कोरसमध्ये एक माणूस कमी असला तर प्रयोग रद्द करायची धमकी द्यायचे, ते या प्रत्येकाला बरं म्हणाले. मी आशेने वाकलेला ताठ माणूस पाहिलाय. बघवत नाही.

इथल्या एका प्रयोगाचंच रेकॉर्डिंग झालं. नंतर स्टुडिओत आमचे आणि लोकांचे आवाज काढून टाकायचे होते. रेकॉर्डिंगवाल्या पोराने विचारलं, "सर, पब्लिकच्या उत्तरासाठी गॅप किती ठेवू?"

"लोक देतील तेवढा."

"तसं नाही होत, सर. फिक्स सांगावं लागेल."

शेवटी त्या पोरानेच अंदाजाने जागा सोडली. बाहेर पायरीवर सलीमभाई बसले होते. म्हणाले, "मशीनला व्हिसा लागत नाही, चहा लागत नाही. हम ही महंगे पड़ गये, सर."

"पुढच्या वेळी, सलीमभाई."

"हां, पुढच्या वेळी," सलीमभाई म्हणाले आणि ढोलकीला गवसणी घालू लागले.

तिकडचा हॉल सुंदर होता. खुर्च्या मऊ, शांतता तर इतकी की आपलंच गिळणं ऐकू यावं. लोक नटूनथटून आले होते, बायका पैठण्यांत. सरांना काही कामच नव्हतं. सवयीने ते खाली कडेला जाऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले, हात मोकळे. गाणं आलं. पडद्यावर दुतोंड्या मारुतीचं 'दोन तोंडांचा वानरदेव' अशा अर्थाचं इंग्रजी उमटलं आणि मुलं हसली. सबंध नाटकातलं तेवढंच हसू. आम्ही विचारलं, "पाणी कुठवर आलं?"

कोणी काही बोललं नाही. लोक आमच्याकडे प्रेमाने बघत होते. वाईट वागणारं तिथे कोणीच नव्हतं, हे मला आवर्जून सांगायचंय. चांगली, सभ्य माणसं, नाटक चालू असताना बोलू नये हे शिकलेली. रिकामी जागा संपली आणि ट्रॅक पुढे निघाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटच्या वेळी आमची नटी गोंधळली आणि स्वतःच म्हणाली, "गळ्याला." कुणीतरी दाराची बेल वाजवून परका निरोप सांगावा तसं वाटलं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जेवणाच्या वेळी ज्याने त्याने कारणं सांगितली. विषय जरा लोकल आहे. भाषांतर उशिरा उमटत होतं. मुलांना पूर हा विषय रिलेट होत नाही. सर मान हलवत वरणभात खात होते. मग एक बाई जवळ आल्या, माझ्याच वयाच्या. माहेर पंचवटीचं. त्यांनी सरांचा हात धरला, डोळे भरले होते.

"सर, मला येत होतं हो उत्तर. अगदी ओठांवर होतं. पण सगळे गप्प होते ना."

सरांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "असू द्या, ताई. तुमची काही चूक नाही."

रात्रीच्या आत सेक्रेटरींनी उपाय काढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रयोग होता. "सर, मूळ रेकॉर्डिंगमध्ये नाशिकची पब्लिक आहे ना? ती काढायचीच कशाला? राहू द्या की."

"मग इथली पब्लिक काय करेल?"

"ऐकेल ना."

आणि खरंच, रेकॉर्डिंगवाल्या पोराने रात्रीतून लोकांच्या आवाजासकट ट्रॅक पाठवला, दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं आणि स्पीकरमधून नाशिक ओरडलं, "गुडघ्याला!" माझ्या अंगावर काटा आला, पण तो चांगला नव्हता. आमची माणसं, आमच्या पंचवटीतल्या बायका, सगळ्या त्या खोक्यात. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. एनर्जी फार छान होती, असं नंतर सगळे म्हणाले. पंचवटीच्या बाई दुसऱ्या दिवशीही आल्या होत्या. त्या आता निवांत दिसत होत्या. सर कडेला उभे नव्हते. ते बाहेर गाड्यांच्या तळावर थंडीत येरझारा घालत होते.

पुन्हा कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या मंडळांनी व्हिडिओ मागवले आणि कळवलं की नाटक उत्तम आहे, पण तिकडच्या प्रेक्षकांसाठी थोडं स्थानिक आहे. पुढे या विषयावर बोलणारे पुष्कळ भेटले. नाटकं दुसऱ्या देशात का चालत नाहीत यावर आपल्याकडे चहाबरोबर मतं मिळतात. मी ऐकून घेते.

खरा घाव इथे आल्यावर बसला. निर्मात्याला ट्रॅक आवडला. वादक नकोत, ऑर्गन उचलायला माणसं नकोत, प्रयोग ठरल्या वेळेला संपतो. जाहिरातीत 'परदेश दौरा गाजवून आलेलं' छापलं आणि नाशिकचे प्रयोग ट्रॅकवर लागले. पब्लिकच्या उत्तरांसकट. सरांना हे कळलं सलीमभाईंकडून, कारण ढोलकीला प्रयोगाचं बोलावणंच आलं नाही. सर निर्मात्याच्या गोदामात गेले, मी बरोबर होते.

"सर, वाजवणं तुमचंच आहे त्यात," निर्माता म्हणाला. "तुमचा त्रास वाचवला."

"आणि लोकांचं उत्तर?"

"तेही लोकांचंच आहे की."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चहा आला. तो त्यांनी घेतला नाही. पुढे निर्मात्याने त्यांचा सत्कार केला, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. आम्ही कोरसवाले गात राहिलो. नाटक आमचंही होतं, आणि निदान सरांच्या चाली तरी लोकांच्या कानावर जाव्यात असं आम्हाला वाटत होतं. वाटतं माणसाला काहीबाही.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. त्याच्या आधीच्या पावसाळ्यातला एक रविवार मला विसरता येत नाही. नाट्यगृह भरलेलं होतं. मी रंगमंचावरून पाहिलं तर मधल्या रांगेत सर बसलेले. तिकीट काढून आले होते, कोणाला न सांगता. आजूबाजूला नवी मंडळी, हातात मोबाइल उभे धरलेले. गाणं आलं. आम्ही विचारलं, "पाणी कुठवर आलं?" स्पीकर म्हणाला, "गुडघ्याला!" मग कमरेला, मग छातीला. हॉलमधून एक आवाज आला नाही. उत्तर मिळत होतं, आपण कशाला बोला? माझ्या नाशिकची माणसं त्या मऊ खुर्च्यांतल्या माणसांसारखी सभ्य होऊन बसली होती.

चौथ्यांदा विचारलं. स्पीकर बोलायच्या आधी सर उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, "गळ्याला! गळ्याला आलं!"

पुढच्या रांगेतला एक तरुण मागे वळला. "ओ काका, बसा ना खाली. व्हिडिओ काढतोय."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी त्यांच्या बाजूने काही बोलेल का, एवढंच बघत असावेत. कोणी बोललं नाही. ट्रॅक पुढे निघाला होता, आम्हाला त्याच्याबरोबर गावं लागत होतं.

सर त्या मुलाला "सॉरी" म्हणाले आणि खाली बसले.