नवनीतभाऊंचं चार्जिंग

नवनीतला किळस यायला फारसं काही लागत नसे. पंगतीत शेजारच्याने कढीचा भुरका मारला की याचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. एसटीच्या दांड्याला रुमालाशिवाय हात लावायचा नाही. सारंगखेड्याची यात्रा भरली की अख्खं गाव घोडे बघायला लोटायचं, आणि हा घरी बसून लिदीच्या वासाला नावं ठेवायचा. तापीकाठच्या गुजर घरात जन्मलेल्या, शेणामातीत वाढलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं त्याची बायको ममता तोंडावर सांगायची. नवनीत तिच्याकडे दुर्लक्ष करून ताटाची कड पुसायचा.

पंचेचाळिशीत डॉक्टरने साखरेची भीती घातली, तेव्हा त्याने सायकल घेतली. सायकल त्याला मानवली. घाम येई तो स्वतःचाच, दुसऱ्याचा अंगाला लागत नसे. शहाद्याच्या सायकलवाल्यांच्या टोळीत तो गेला, आणि होळीच्या आठवड्यात तंबू घेऊन तोरणमाळला जायचं ठरलं, त्यालाही हो म्हणून बसला.

"होळीना आठवडामा कथा जाई ऱ्हायनात?" ममता म्हणाली. "सालदार त्याना गावले गया. केळीले पाणी कोन दी?"

"मोबाईल दी," नवनीत ऐटीत म्हणाला.

त्यात थट्टा नव्हती. विहिरीवरच्या मोटरीला त्याने मोबाईलचा स्टार्टर बसवला होता. पेटीत सिमकार्ड. शेतीची लाईट आली की पेटीचा मेसेज येतो. आपण पेटीला फोन लावायचा, एक दाबायचा, की मोटर सुरू. बंद करायचीही तशीच. माणूस कुठेही असो, फोन जिवंत पाहिजे. केळी नवी लावलेली होती, उन्हं तापायला लागली होती, आणि पाण्याची एक पाळी चुकली तरी कोवळी पानं होरपळणार होती.

"मी जासू मळामा, बटण दाबसू," ममता म्हणाली.

"मोटर जाळी टाकशी तू," असं म्हणून याने तिला गप्प केलं.

मग ती वरात निघाली. वरातच म्हणायची. टोळीचा म्होरक्या धीरज, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. त्याच्या डोक्यावर कॅमेरा, मनगटाला घड्याळ, हँडलला वेग दाखवणारं डबडं, पिशवीत ड्रोन आणि मागे गाणी ओकणारा स्पीकर. बाकीचे दोघेही त्याच्याच वळणाचे. सायकलींवर कपड्यांपेक्षा वायरी जास्त. जंगलात शांतता हवी म्हणून निघालेली ही माणसं, आणि दर तासाला एकमेकांना विचारत होती ते एवढंच, की तुझा किती टक्के राहिला. नवनीतला त्या वायरींची शिसारी आली. घामाने चिकट झालेल्या, धूळ धरलेल्या, पिशवीत एकमेकींना विळखे घातलेल्या. हात घालताना त्याच्या अंगावर काटा यायचा. पण हात तर घालावाच लागायचा, कारण केळीचा जीव त्याच पिशवीत होता.

घडीची सोलर प्लेट त्याने मागच्या कॅरिअरला बांधली होती. रस्ता असा की ऊन तोंडावर आणि प्लेटवर याचीच सावली. धीरजने पुढच्या चाकात डायनामो बसवून आणला होता, मोठ्या फुशारकीने. तो सपाटीला चालला. घाट लागल्यावर सायकली ढकलायची वेळ आली आणि डायनामो मेला. नवनीतची स्वतःची पॉवर बँक होती, भरलेली, जपून ठेवलेली. दुपारी तो झाडाखाली पडला असताना धीरजने ती स्पीकरला लावून रिकामी केली.

"गाणं बंद पडी ऱ्हायंतं भो," धीरज हसत म्हणाला.

त्याआधी चहाच्या टपरीवरही असंच झालं होतं. टपरीवाल्याच्या फ्रिजची पिन उपटून धीरजने तिथे ड्रोन लावला. टपरीवाला नुसता दुधाच्या पिशव्यांकडे बघत राहिला. नवनीतला इतकं वाईट वाटलं की चहा उतरेना. दुसऱ्याच्या घरातली पिन उपटायची म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं, असं तो धीरजला सुनावून बसला.

घाटातल्या पाड्यावर पोचेपर्यंत दिवस कलला होता आणि नवनीतचा फोन शेवटच्या धुगधुगीवर होता. सकाळी मळ्यात लाईट यायची होती. पाड्यावर विजेची तार पोचलेली नव्हती. टोकाला रूपसिंगचं घर होतं, कुडाच्या भिंतींचं. कौलांवर सोलरची लहानशी प्लेट, आत एक बॅटरी, एक बल्ब आणि चार्जिंगला एकच सॉकेट. त्यात रूपसिंगचा बटणांचा फोन नुकताच लावलेला होता, पुरता बंद पडलेला.

रूपसिंगने अंगणात तंबू ठोकायला जागा दिली, कोरा चहा दिला. नवनीतने सवयीने पेल्याची कड अंगठ्याने पुसली. रूपसिंगने ते पाहिलं आणि बायकोला पेला पुन्हा विसळून आणायला सांगितलं.

"पोरीचा फोन येणार आहे," नवनीतची नजर सॉकेटकडे गेलेली पाहून तो म्हणाला. "गुजरातेत ऊसतोडीला गेली. होळीला येते. जावई मागून येईल. आज उतरेल नाहीतर उद्या. मुकादमाची गाडी खाली फाट्यावर सोडते. बारकी पोरं आहेत दोन. फोन आला, की शेजारच्या बाज्याची मोटरसायकल घेऊन आणायला जातो."

"अर्धाच तास," नवनीत म्हणाला. "केळी जळेल हो माझी."

"लावा, भाऊ."

नवनीतने रूपसिंगचा फोन काढला, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, आणि स्वतःचा लावला. टपरीवर धीरजला काय सुनावलं होतं, हे त्याच्या मनातही आलं नाही. अर्ध्या तासाने काढू, असं ठरवून तो तंबूत पाठ टेकायला गेला. मांड्या भरून आल्या होत्या. जेवायची शुद्ध न राहता तो झोपला.

पाहुण्याची वस्तू न विचारता हलवायची नाही, ही त्या घराची रीत. झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही, ही दुसरी. नवनीतच्या मोठ्या फोनने बॅटरीत होतं नव्हतं तेवढं पिऊन टाकलं, बल्ब विझला, आणि घरातली माणसं चुलीच्या उजेडात जेवली.

सकाळी फोन काठोकाठ भरलेला होता. अंगणाच्या कोपऱ्यात रेंज होती. मेसेज आला, नवनीतने फोन लावला, एक दाबला. मोटर चालू झाली, असं पेटीतली बाई बोलली. तो खुशीत धन्यवाद द्यायला घरात शिरला, तर कोनाड्यात तो बटणांचा फोन जिथे ठेवला होता तिथेच, काळ्या तोंडाने पडलेला.

"रूपसिंगभाऊ कुठे?"

"खाली गेले," रूपसिंगची बायको चुलीपुढून म्हणाली. "पायी. बाज्या पहाटेच गाडी घेऊन होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला गेला."

धीरज ड्रोन उडवत होता. त्याला न सांगताच नवनीतने सायकल उतारावर घातली. बऱ्याच वळणांनंतर ती माणसं दिसली. रूपसिंगच्या डोक्यावर गाठोडं, खांद्यावर एक पोर. मागे त्याची मुलगी, कडेवर दुसरं. पोराचं तोंड डासांनी फोडून काढलं होतं, एक डोळा सुजून मिटला होता.

"कधी उतरलीस?" नवनीतने विचारलं.

"काल, दिवस बुडताना," मुलगी म्हणाली. "आबाचा फोन बंद. लावला, लावला, बंद. मग बंद दुकानाच्या ओट्यावर राहिलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला कोणी काही सांगितलंच नसावं. टपरीवर धीरजची आली होती त्याहून कितीतरी वाईट किळस नवनीतला स्वतःची आली. या माणसासमोर आपण पेल्याची कड पुसली होती.

"गाठोडं द्या, सायकलवर घेतो," तो घाईने म्हणाला. पण कॅरिअरवर सोलर प्लेट बांधलेली होती, तिच्याभोवती वायरींचा गुंता. तो गाठी ओढायला लागला, त्या सुटेनात.

"राहू द्या भाऊ, वायरी तुटतील तुमच्या," रूपसिंग म्हणाला. त्याने खांद्यावरचं पोर सावरलं आणि आपुलकीने विचारलं, "भरला का तुमचा फोन?"

"भरला," नवनीत म्हणाला.

"बरं झालं."

ती माणसं वळण चढून दिसेनाशी झाली. नवनीतला वाटलं, हा फोन आत्ता या दरीत भिरकावून द्यावा. त्याने तो खिशातून काढला, जरा वेळ हातात धरला, आणि परत ठेवला. दुपारी मोटर बंद करायची होती.