डावा हात

परवा नांदेडला पुतणीला क्लासला सोडायला गेलो. दारातच खडूच्या धुळीचा वास आला आणि लातूरचा आमचा वर्ग आठवला.

सर म्हणाले होते, “डॉक्टर होणाऱ्यांनी उजवा हात वर करा, इंजिनिअर होणाऱ्यांनी डावा.”

माझे दोन्ही हात बाकावरच होते.

“तुला काय व्हायचंय रे?”

“भूगोल शिकवायचाय, सर.”

“भूगोल शिकून आटो चालवतूस का रे?”

वर्ग खदखदून हसला. सरांनी माझं मनगट धरलं आणि डावा हात वर केला. मनगटावर त्यांच्या बोटांचा पांढरा खडू उमटला. तेव्हा मीही हसलो होतो. आता अंगाचा तिळपापड होतो.

लोक अजून विचारतात, “इंजिनिअरिंगच का निवडलं?”

निवडलं म्हणे! हात तेवढा माझा होता.