आईच्या फोनमधून गेलेलं मोडनिंबचं स्थळ

आईला पसारा चालत नाही. पाहुणा उठून गेला की ती चादर झटकते, जेवण झालं की ओटा पुसते, आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की खुर्चीत बसून फोनमधले दिवसभराचे सगळे कॉल पुसून टाकते. हे कसं करायचं ते तिनं माझ्या भावाकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं. बाकी फोनमधलं काही शिकवायला गेलं तर तिला झोप येते. हे एवढं मात्र तिनं एकदाच बघितलं आणि पक्कं लक्षात ठेवलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमची आई स्वच्छतेची भोक्ती, एवढंच.

भाऊ माझ्याहून धाकटा, तिशी ओलांडलेला. एका कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल करतो. लग्नाचा विषय निघाला की "मला काही घाई नाही" असं म्हणून तो ताटातल्या भाकरीकडे बघायला लागायचा. वडील गेल्यापासून घरात ही दोघंच. मी विजापूर रोडला सासरी राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते आणि दर रविवारी माहेरी चक्कर मारते.

अशाच एका रविवारी जेवताना आई म्हणाली, "दुपारी मोडनिंबहून एका बाईंचा फोन आलता. भाचीचं स्थळ सांगत होत्या. पोरगी फिजिओथेरपिस्ट हाय, हितंच सोलापुरात दवाखान्यात कामाला. बघायला कवा येताय ते तुमीच फोन करून सांगा म्हणाल्या."

"बघू," भाऊ म्हणाला. मग दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "रविवार सोडून दुसऱ्या कुठल्या दिवशी चालेल का विचार. रविवारी हायवेला गर्दी असते."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"लाव की मग फोन आत्ताच," मी आईला म्हणाले.

आईनं फोन हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुसलं की गं मी सगळं."

नंबर तिनं कुठं लिहून घेतला नव्हता. बाईंचं नाव विचारलं तर "मावशी लागते म्हणाल्या," एवढंच. हे स्थळ आलं कुणाकडून, असं मी विचारलं तेव्हा मात्र ती उठून ताटं गोळा करायला लागली.

त्यानंतर माझ्या भावात जो बदल झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. ज्याला घाई नव्हती त्यानं हात न धुताच फोन हिसकावून घेतला. पुसलेली माहिती फोनमधून लगेच जात नाही, तिथंच कुठंतरी पडून असते, आणि नवीन कॉल आले की ते तिच्यावर येऊन बसतात, असं त्यानं आम्हाला समजावलं. म्हणून यापुढं फोनला कुणी हात लावायचा नाही. आईच्या देखत त्यानं फोन बंद केला आणि आपल्या खिशात टाकला.

"अरे, पण त्या बाईंनी स्वतःच परत फोन केला तर?" मी विचारलं.

"तू मध्ये बोलू नको, हे टेक्निकल आहे," तो म्हणाला. सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावं, एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी एकालाही सुचली नाही. त्याला सुचायला हवी होती, पण तो तेव्हा मनानं मोडनिंबला पोचलेला होता.

सोमवारी तो ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून फोन कंपनीच्या दुकानात गेला. तिथल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की तुम्ही केलेल्या कॉलचा हिशेब मिळेल, तुम्हाला आलेल्या कॉलचा मिळत नाही. हा म्हणाला, अर्जंट आहे. तिनं विचारलं, पोलीस केस आहे का? हा म्हणाला, तसं नाही, घरगुती आहे. ती म्हणाली, मग नाही मिळणार.

मग त्यानं फोन फ्लाइट मोडवर ठेवून, घरच्या वायफायवर, गेलेले कॉल परत आणतो म्हणणारी ॲप लावून बघितली. पहिल्यानं कॅमेऱ्यापासून लोकेशनपर्यंत सगळ्याची परवानगी मागितली आणि शेवटी एक जाहिरात दाखवली. दुसऱ्यानं दोन कॉल परत आणले, पण ते पुसल्यानंतर जेवणाआधी आलेले, म्हणजे जे गेलेच नव्हते ते. मग त्याला आठवलं की फोनची एक प्रत इंटरनेटवर आपोआप साठत असते. त्यानं मोठ्या आशेनं उघडून बघितलं, तर ते साठणं कधीचंच बंद पडलेलं. जागा संपली होती. आईला रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या फोटोंनी ती सगळी भरून गेली होती.

"एवढे शुभ सकाळ कोण पाठवतं तुला?" त्यानं वैतागून विचारलं.

"असत्यात कोण कोण," आई म्हणाली.

आई त्या दोन दिवसांत विचित्र वागत होती. स्थळ हातचं जातंय म्हणून काळजी असावी असं मला वाटलं. संध्याकाळी मी फोन केला तो भावाच्या मोबाईलवर, तर ती म्हणाली, "त्याला सांग, माझा फोन दे म्हणावं, जरा येळ." भाऊ मागून म्हणाला, "एक कॉल केलास तर सगळं संपेल."

आता माझ्या सासूबाईंचं सांगायला हवं. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, बोलताबोलता मध्येच कानडी शब्द येतात. त्यांचं आणि माझ्या आईचं माझ्या लग्नापासून पटत नाही. लग्नात आईनं दिलेली आहेराची साडी सासूबाईंनी सगळ्यांसमोर उजेडात धरून बघितली होती. आणि सासूबाईंच्या माहेरची माणसं पंगतीला बसली तेव्हाच नेमका भात संपला होता. या दोन गोष्टींवर आमच्या दोन्ही घरांचं राजकारण चालत आलेलं. आई माझ्यापाशी सासूबाईंबद्दल कुरकुरायची, सासूबाई आईबद्दल. मी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, त्यातलं टोचणारं काढून टाकायची आणि उरलेलं गोड करून पलीकडं पोचवायची. ही दोन्ही घरं माझ्यामुळं टिकून आहेत, असं मी नवऱ्याला अधूनमधून ऐकवत असे. तो "हो हो" म्हणत असे.

तर मंगळवारी संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या आईचं बरं हाय न्हवं?"

मी चाट पडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. "बरं आहे. का हो?"

"न्हाय, सहज. ऊन लई हाय," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या कोवळ्या काड्यासुद्धा टाकून द्यायला लागल्या.

बुधवारी आमच्या कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली, म्हणून मी दुपारी घरी होते. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बाहेर डांबर पातळ व्हावं असं ऊन. अशात दाराची बेल वाजली. दार उघडलं तर समोर माझी आई. डोक्यावर पदर, हातात डबा, मागं रिक्षा वळत होती.

"तू घरी कशी?" मी तोंड उघडायच्या आत तिनंच मला विचारलं.

"माझंच घर आहे ते," मी म्हणाले. "तू इथं कशी?"

"शेंगाचटणी केलती. म्हटलं द्यावी."

सासूबाई बाहेर आल्या. दोघींनी एकमेकींना इतका रीतसर नमस्कार केला की मला बस्त्याच्या दिवसाची आठवण झाली. आई खुर्चीच्या कडेवर बसली, सासूबाई कॉटच्या कडेवर. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

पाणी उकळायच्या आतच बाहेरून कुजबूज ऐकू आली. मी गॅस बारीक केला.

"कुटं होता वो तुमी?" सासूबाई म्हणत होत्या. "फोन लावून लावून बोट दुखलं माजं. म्हटलं, आजारी-बिजारी पडलात का काय."

"पोरानं बंद करून खिशात घातलाय," आई म्हणाली. "हात लावू देईना. नंबर शोधायलाय."

"आन तिकडं मोडनिंबच्या बाई मला विचारायल्यात, तुमच्या विहीणबाईंना स्थळ पसंत न्हाय का म्हणून. मीच तर तुमचा नंबर दिलाता त्यांना."

"म्हणून तर उन्हाची आले. त्यांचा नंबर द्या. आन पोरीला कळू देऊ नका, तुमच्याकडनं आलंय ते."

"तिला कशाला कळतंय. तिला वाटतंय दोन्ही घरं तीच चालवती."

आणि मग दोघी हसल्या. तोंडावर पदर धरून हसावं तसं, दबक्या आवाजात, पण चांगल्या सवयीच्या मैत्रिणी हसतात तसं. चहा उतू गेला.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा दोघी परत कडेवर बसलेल्या होत्या.

"यंदा ऊन जास्त हाय," आई म्हणाली.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या.

"मोडनिंबला याहून जास्त आहे म्हणे," मी म्हणाले.

दोघींनी कप उचलले आणि तसेच धरून ठेवले. शेवटी सासूबाईंनी आपला कप खाली ठेवला आणि आधी कानडीत, मग मराठीत आईला म्हणाल्या, "साकु. पुरे झालं. कळलंय तिला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आईनं रीत म्हणून चौकशीचा फोन केला होता. डोळ्याला पट्टी, टीव्ही बघता येईना, घरात दुपारी कुणी नाही. सासूबाई बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावला. तेव्हापासून दर दुपारी, मी ऑफिसात असताना, दोघींचं बोलणं चालू होतं. आईच्या फोनमध्ये सासूबाईंचं नाव नव्हतं, नंबर तोंडपाठ होता. रविवारी माझ्या हातात फोन पडतो म्हणून ती कॉल पुसायला शिकली आणि एखाद्या रविवारी विसरायला नको म्हणून रोजच पुसायला लागली. सकाळचे गुलाबही सासूबाईंचेच.

"मग माझ्यापाशी एकमेकींच्या तक्रारी कशाला करत होता?" मी विचारलं. मला हसू येत होतं आणि थोडा रागही.

आईनं सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू आलीस की पहिलं विचारतीस, सासू काय म्हणाली ते सांगू का? एवढ्या हौशीनं सांगतीस. कायतरी बोलाय नगं?"

सासूबाई म्हणाल्या, "आन तुला बरं वाटायचं की."

मी भावाला फोन लावला. तो नवी पेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानात होता.

"थांब, स्कॅन अर्ध्यावर आलंय," तो म्हणाला.

"नंबर मिळाला," मी म्हणाले.

"कुठल्या ॲपनं?"

"सासूबाईंनी."

तिकडे त्यानं दुकानदाराला स्कॅन थांबवायला सांगितलेलं ऐकू आलं.

मोडनिंबच्या मावशींना आईनं माझ्याच फोनवरून फोन लावला. त्या तुटकपणे बोलल्या. फोन बंद करून ठेवणाऱ्या घरात मुलगी कशी द्यायची, असं त्यांना वाटत होतं आणि त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. आई अडखळायला लागली तसा सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "मी सांगते ना," त्या म्हणाल्या, "घर माझ्या बघण्यातलं हाय. पोरगं गुणी हाय. जरा जास्तच शिकलंय, म्हणून असं झालं." आईनं मान हलवली. भावाबद्दल असं बोललेलं तिनं दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मोडनिंबला गेलो. गाडीत मागच्या सीटवर त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि घर येईपर्यंत बोलत राहिल्या. मी पुढं बसून होते, मला मध्ये जागा नव्हती.

पोहे झाल्यावर मुलगा-मुलगीला अंगणात बोलायला पाठवलं. मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "तीन दिवस फोन का बंद होता?"

भावानं काही लपवलं नाही. दुकानातली मुलगी, पोलीस केस, गुलाबाची फुलं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचं की."

"सुचलं नाही," तो म्हणाला.

होकार तिनं त्याच उत्तराला दिला, असं आता ती मला सांगते. चूक झाल्यावर कारणं न देता सरळ "सुचलं नाही" म्हणणारी माणसं दवाखान्यात तिला फार कमी भेटतात म्हणे. भाऊ मात्र सगळ्यांना सांगतो की तिला त्याचं टेक्निकल ज्ञान आवडलं. ती ते ऐकते आणि त्याचं ताट वाढायला घेते.