साऱ्या गावात एकच नाव

गावात मोबाइल नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. मी कोहमाऱ्याजवळच्या शाळेत मास्तर होतो. आम्हाला मुलगा झाला, पण बायको सुचवेल त्या नावाचा एखादा पोरगा माझ्या हजेरीपटात निघायचाच. शेवटी विहारात वंदना म्हणताना तिला एक सुंदर पाली शब्द सापडला.

आईला तो पटला नाही. "असं कायचं नाव? कोणाले बोलता येते का?"

"आधी तुम्हीच बोलून पाहा ना, आई," बायको म्हणाली.

आई दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा नाव नीट उमटलं आणि तिचा चेहरा खुलला. बाळाला उचलून ती शेजारणीकडे गेली. "माह्या नातवाचं नाव आहे. साऱ्या गावात दुसऱ्या कोणाचं नाही," तिनं ठणकावलं, आणि शेजारणीकडून ते बरोबर म्हणवून घेतल्यावरच पुढच्या घरी निघाली.