वाटेत निम्मं होणारं औषध

स्कॅन विभागातल्या नव्या भांडारप्रमुख बाईंना औषध पोचवणारे ड्रायव्हरकाका पहिल्याच दिवशी खटकले. सातला भरलेली बाटली नऊच्या आत आली, तीही काठोकाठ. पण किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा लेबलावरच्या निम्माच.

“काका, वाटेत पाणी घातलंत की काय?”

“बाई, सील शाबूत आहे. हे किरणोत्सारी फ्लोरिन. एकशेदहा मिनिटांत त्यातलं निम्मं ऑक्सिजन होऊन बसतं. तुम्ही मला बोलताय तेवढ्यातही घटतंय.”

बाईंना ही शुद्ध थाप वाटली. काकांना कामावरून काढा, असा अर्जच त्यांनी लिहिला. मात्र तो देण्याआधी रुग्णांना देऊन उरलेलं औषध मोजून त्यांनी स्वतः कुलपात ठेवलं. एकशेदहा मिनिटांनी पाहिलं, तर थेंबही न सांडता आकडा निम्म्यावर आला होता. बाईंनी अर्ज फाडला.

काका आजही तीच गाडी चालवतात आणि वाटेत चहालाही थांबत नाहीत.