दौलतमामांनी दिलेला बोजारा

दिवस गेल्या पोळ्याचा. रक्कम एक रुपया. जागा घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावच्या बौद्धवस्तीत दौलतमामांचं अंगण. हजर मामा, बाळासाहेब पाटील, मी आणि अर्धी वस्ती.

मामा माझे शेजारी. त्यांच्या भिंतीवर दोनच वस्तू होत्या. एक वडिलांचं डफडं, दुसरा वर्तमानपत्रातला पिवळा पडलेला फोटो: मुठी उंचावलेले अमेरिकेतले काळे तरुण.

पूर्वी पोळ्याला आमची माणसं पाटलांच्या बैलांपुढे डफडं वाजवत आणि मग दारोदार बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागत. मामा चौदा वर्षांचे असताना त्यांच्याच वयाच्या बाळासाहेबांनी मामांच्या वडिलांपुढे चार आणे शेणात फेकले. "दातानं उचल," म्हणाले. वडिलांनी उचलले.

पुढे मामा नागपूरला वसतिगृहात राहिले. तिथे तो फोटो हाती लागला. गावी येऊन त्यांनी वस्ती जमवली आणि फोटो दाखवून म्हणाले, "ह्या पोराहीनं मांगणं सोडलं. आपण कायले मांगून राह्यलो?" त्या पोळ्याला डफडं वाजलं नाही. पाटलांनी वस्तीला कापूस वेचणीचं काम देणं बंद केलं. मामा बायांना ट्रकने पांढरकवड्याकडे वेचणीला नेऊ लागले. परतताना पाटलांच्या शेताशी ट्रक मुद्दाम थांबवत. वेचायला माणसं नसल्यानं कापूस बोंडातच लोंबत असे. "पाहा बाई हो, डोळे भरून पाहा."

वस्तीने डफडी जाळली, मामांनी वडिलांचं ठेवलं. झालं गेलं सोडा, असं कोणी म्हटलं की ते विचारत, "तुहा बाप वाकलता काय? मंग तुले सोडाले काय जाते?"

गेल्या पोळ्याला बाळासाहेब शाल-नारळ घेऊन आले. नातू सरपंचपदाला उभा होता आणि वस्तीच्या मतांशिवाय जमत नव्हतं. जन्मभर 'दौलत्या' म्हणणारे म्हणाले, "दौलतराव, लहानपणची गोष्ट. माफ करून टाका."

मामांनी डफडं उतरवलं. "माफी कायले? सण आहे. वाजवा अन् बोजारा मांगा."

पाटलांनी गर्दीकडे पाहिलं. डोकी मोजली असावीत. डफडं घेतलं.

"पाटील, हात सैल सोडा!" मामांच्या ट्रकने वेचणीला जाणारी वत्सला ओरडली. वस्ती हसली.

"बोजारा द्या," पाटील पुटपुटले.

"आयकू नाही आलं."

ते पुन्हा म्हणाले. मामांनी बैलाच्या शेणात रुपया टाकला. "दातानं म्हणत नाही. मी पाटील नाही. हातानं उचला."

पाटील वाकले. रुपया पुसत त्यांनी विचारलं, "अन् मतं?"

"मतं वत्सलेले. तिनं कालच फारम भरला."

वत्सला निवडून आली. मामा हिवाळ्यात गेले. शेवटी मी विचारलं होतं, "मामा, समाधान झालं?"

"अर्धं. दात राह्यले."

चार आणे आता चालत नाहीत, म्हणून रुपया. तो मिळाला बाळासाहेब पाटलांना. शाल-नारळ त्यांना त्याच दिवशी परत दिले.