रंजनाकाकूंची रशियन पाहुणी

हैदराबादेत नल्लकुंट्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या रंजनाकाकू काचीगुड्याला रशियन शिकवायला जायच्या. एके काळी त्यांच्या वर्गात बसायला जागा नसायची. सोव्हिएत संघ मोडला आणि सगळे विद्यार्थी कॉम्प्युटरच्या क्लासला वळले. ब्याण्णव साली उरले फक्त एक निवृत्त गृहस्थ, तेही कानानं अधू.

पुढच्या वर्षी एका औषध कंपनीनं काकूंना दुभाषी म्हणून बोलावलं. मॉस्कोहून लिदिया नावाच्या खरेदी अधिकारी आल्या होत्या. कामापुरतंच बोलायच्या. हॉटेलच्या जेवणाला कंटाळल्या, तेव्हा काकू त्यांना रविवारी घरी घेऊन आल्या. मी वाढायला होते.

काकूंच्या सासूबाई, चतुराबाई, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी पाहुणीला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हिचं घराणं कोणतं, इचार की गं."

"आत्याबाई, त्यांच्याकडं असं विचारत नाहीत."

"तू पूछ तर सही!"

काकूंनी चाचरत विचारलं. लिदियाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. काकूंना वाटलं, चुकलंच. पण मग त्या हळूहळू बोलू लागल्या आणि काकू आम्हाला मराठीत सांगू लागल्या. त्यांची पणजी रशियाच्या सम्राज्ञीच्या खास सेवेतली मानकरीण. पणजोबा शाही पागेवरचे अधिकारी. क्रांती झाली तेव्हा घरच्यांनी पत्रं, तसबिरी चुलीत घातल्या, आडनाव बदललं. आईनं जन्मभर प्रत्येक फॉर्मवर 'शेतकरी कुटुंब' असं लिहिलं. ऑफिसात अजून कुणाला पत्ता नव्हता.

"मग आम्हाला कसं सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"आजवर इतक्या प्रेमानं कुणी विचारलंच नव्हतं."

चतुराबाई खूश झाल्या. "अगं, मग ही आपल्यातलीच की! माझे सासरे निजामाच्या दरबारात जायचे. डोईला दस्तारची पगडी, कमरेला बकलाचा बगलूस पट्टा. हुजुरांना पाठ दाखवायची नाही!" असं म्हणत त्या उठल्या आणि वाकून सलाम करत मागं सरकता सरकता थेट फ्रिजवर आदळल्या.

लिदियाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्याही उठल्या. दोन बोटांत स्कर्ट धरून, गुडघा मुडपून अशा काही झुकल्या की आम्ही बघतच राहिलो. लहानपणी त्यांच्या आजीनं हे त्यांना स्वयंपाकघराचं दार लावून शिकवलं होतं. मग दोघींनी एकमेकींना आपापली रीत शिकवली. अंबाडीची भाजी ताटातच गार झाली.

लिदियाबाईंनी जाताना कंपनीला सांगितलं, पुढच्या वेळी दुभाषी याच हव्यात. त्या दर वर्षी येत राहिल्या. पंच्याण्णव साली त्यांनी एक झेरॉक्स आणली. तिकडच्या जुन्या दफ्तरखान्यात दरबारी मानकऱ्यांच्या यादीत पणजीचं नाव सापडलं होतं, आणि स्वतः लिदियाबाईंनी ते आडनाव परत घेतलं होतं. काकूंनी पणजीचं ते पूर्ण नाव सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एवढं लांब?" चतुराबाई म्हणाल्या. "दरबारात पुकारेस्तोवर जेवणं आटपत असतील!"

त्याच साली कंपनीनं विक्री विभागासाठी रशियनचा वर्ग काढला. पहिल्याच दिवशी सतराजण आले. काकूंनी त्यांना पहिलं वाक्य शिकवलं ते, 'आपलं नाव काय?'